मिठाच्या विटा आणि खडकीचा हबशी

दामोत प्रांतात मिठाच्या तीन-चार विटा मोजून दिल्या की एक चांगला गुलाम मिळतो. आणखी आत, जिथून माणसे धरून आणतात त्या मुलुखात गेले तर एका विटेतही सौदा होतो, असे लोक सांगतात. ही नोंद फ्रान्सिस्को अल्वारिश या पोर्तुगीज पाद्र्याची. १५२० ते १५२६ अशी सहा वर्षे तो इथिओपियात होता. त्याचे पुस्तक १५४० साली लिस्बनला छापले गेले. गुलामांचा भाव त्याने ऐकीव सांगितला आहे, मिठाचा भाव मात्र बाजारोबाजारी टिपत नेला आहे. मीठ निघते तिथे एका नाण्याला सव्वाशेच्या आसपास विटा पडत. एका दिवसाच्या वाटेवरच्या पहिल्या बाजारात पाच-सहा विटा कमी व्हायच्या, पुढच्या बाजारात आणखी काही. राजाच्या छावणीत पोहोचेपर्यंत त्याच नाण्याला सहा-सात विटा उरत, पावसाळ्यात तर पाचच. विटेचे मापही त्याने दिले आहे: दीड वीत लांब, चार बोटे रुंद, तीन बोटे जाड.

भाडे, जकात, तूटफूट धरून भाव चढतो हे आपल्या आठवडी बाजारातल्या कोणालाही कळते. पण या विटा नुसत्या भाकरीबरोबर खायच्या नव्हत्या. त्या पैसा होत्या. इथिओपियाच्या डोंगराळ पठारावर त्यांना 'आमोले' म्हणत आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत त्या देवघेवीत चालत होत्या. या पैशाने जी माणसे विकत घेतली गेली त्यांच्यापैकी काहींना समुद्र ओलांडून दख्खनेत यावे लागले. अशाच बाजारातून आलेल्या एकाने आमच्या फुलंब्रीहून चौक्याचा घाट ओलांडला की लागणारे शहर वसवले. तो मलिक अंबर.

मलिक अंबरवर मराठीत कमी लिहिलेले नाही. त्याचा गनिमी कावा, त्याची जमीनधारा, त्याची नहर, शहाजीराजांशी आलेला त्याचा संबंध, हे सगळे शाळेपासून कानावर पडते. पण तो आला कुठून, असे विचारले की आपण 'हबशी होता' एवढे सांगून मोकळे होतो. जणू हबसाण म्हणजे एक गाव आणि हबशी म्हणजे एक जात. डोंगरावरचे ख्रिस्ती शेतकरी, दक्षिणेकडची ना ख्रिस्ती ना मुसलमान अशी माणसे, किनाऱ्यालगतच्या वाळवंटातले उंट पाळणारे मुसलमान, सगळ्यांना आपण एका पोत्यात भरले. त्या पोत्यातून निदान एक समाज बाहेर काढून पाहावा म्हणून हा लेख. तो समाज म्हणजे मिठाचे धनी, अफार.

इथिओपियाच्या पठाराचा पूर्वेकडचा कडा सह्याद्रीसारखा एकदम तुटतो. पण कड्याखाली कोकण नाही, वाळवंट आहे, आणि त्याचा एक भाग समुद्रसपाटीच्याही शंभर-सव्वाशे मीटर खाली गेलेला आहे. कधीकाळी तांबडा समुद्र इथवर आत शिरला होता. पुढे त्याची वाट बुजली, पाणी आटले आणि मिठाचे थर मागे राहिले. मधूनच ज्वालामुखी, मधूनच गंधकाचे पिवळे-हिरवे झरे. उन्हाळ्यात पारा पन्नाशीला टेकतो. अरब या मुलुखातल्या लोकांना दनाकिल म्हणत. ते स्वतःला अफार म्हणवतात. आज ते इथिओपिया, एरिट्रिया आणि जिबूती अशा तीन देशांत वाटले गेले आहेत. भाषा सोमाली आणि ओरोमोच्या नात्यातली, धर्म इस्लाम.

पोटापाण्याचा आधार जनावरे. उंट, शेळ्या, मेंढ्या आणि अवाश नदीच्या काठाने गायी. ही नदी समुद्राला मिळतच नाही. पठारावरून खाली येते, अफारांच्या मुलुखात पसरते आणि आबे नावाच्या खाऱ्या सरोवरात संपते. पूर ओसरला की काठावर जे गवत उगवते त्यावर कळप उन्हाळा काढतात, पाऊस पडला की माळावर पांगतात. अन्नाचे मुख्य नाव दूध. घर म्हणजे 'अरी': वाकवलेल्या काठ्यांची गोल कमान आणि तिच्यावर ताडाच्या पात्यांच्या चटया. चटया विणायच्या बायकांनी, घर उभारायचे बायकांनी, मुक्काम हलवायचा झाला की सोडून उंटावर लादायचे तेही त्यांनीच. आपल्याकडच्या धनगरांचा वाडा ज्यांनी शेतात बसलेला पाहिला आहे, त्यांना यातले पुष्कळ न सांगता समजेल.

आता मिठाकडे. काम थंडीच्या महिन्यांतले; एरवी त्या सपाटीवर माणूस उभा राहू शकत नाही. पहिला गडी कुऱ्हाडीने मिठाच्या थराला रेघ पाडतो. मग तिघे-चौघे लाकडी दांडे त्या फटीत घालून एका दमात जोर करतात आणि फरशीएवढा तुकडा कडकन सुटतो. तिसऱ्या टप्प्याला खाली उकिडवा बसलेला अफार कारागीर सुताराच्या वाकसासारख्या छोट्या हत्याराने त्या तुकड्याच्या कडा तासतो आणि सारख्या मापाच्या विटा पाडतो. त्याच्या हाताचा अंदाज असा की वीट विटेवर ठेवली तर कड बाहेर येत नाही. तसे साधणे भागच असते, कारण उंटाच्या दोन्ही अंगांना विटांच्या थप्प्या बांधायच्या असतात. एक बाजू जड झाली तर जनावर खचते. थर फोडायला आणि माल वाहायला पठारावरचे तिग्राई लोक उतरतात. तासणे अफारांचे आणि जमिनीचा हक्कही अफारांचा. जुन्या काळी पठारावरच्या राजाने या तांड्यांवर देखरेख करायला, त्यांच्याकडून कर वसूल करायला खास सरदार नेमलेला असे. म्हणजे खालचे लोक गरीब, उघडे आणि रानटी म्हणून वरच्यांनी हिणवायचे आणि तिजोरी भरायची ती त्यांच्याच मिठाने, असा तो व्यवहार.

दोन गोष्टी या समाजात मला फार मोलाच्या वाटतात. पहिली 'दागू'. वाळवंटात दोन अफार समोरासमोर आले की तसेच पुढे जात नाहीत. बसतात. नमस्कार-चमत्कार होतो आणि मग एक जण आपण काय पाहिले, काय ऐकले ते क्रमाने सांगतो: कुठे पाऊस झाला, कोणत्या झऱ्याला पाणी आहे, कोणाचे जनावर हरवले, कुठे भांडण पेटले. पाहिलेले कोणते आणि ऐकलेले कोणते हे वेगळे करून सांगायचे. दुसऱ्याने मध्येमध्ये विचारून खातरजमा करायची, मग आपली खबर द्यायची. खोटी खबर देणाऱ्याची पत जाते. जिथे पाण्याची चुकीची बातमी म्हणजे मरण, तिथे हा शिष्टाचार नुसत्या गप्पांचा उरत नाही. दुसरी गोष्ट सोयरिकीची. अफार मुलाचा पहिला हक्क आत्याच्या मुलीवर. तिला तो 'अब्सुमा' म्हणतो. आपल्याकडे मामाची मुलगी, तिकडे आत्याची. नाते जोडलेले राहावे, माणसे आणि जनावरे कुळाबाहेर जाऊ नयेत, हा हिशेब दोन्हीकडे एकच. भांडणतंटा, अगदी खूनसुद्धा, वडीलधारी मंडळी झाडाखाली बसून आपल्या रिवाजी कायद्याने मिटवतात आणि दंड जनावरांत वसूल होतो.

मीठ पठारावर चढायचे आणि उलट दिशेने पलीकडून माणसे खाली उतरायची. झैला, ताजुरा, बैलूल या बंदरांकडे जाणाऱ्या वाटा अफार आणि सोमाली लोकांच्या मुलुखातून होत्या. पाणी कुठे आहे ते त्यांनाच ठाऊक, म्हणून वाटाडे त्यांचे, उंट त्यांचे, वाटेचा करही त्यांचा. गुलामांच्या व्यापारातला काही पैसा अफारांच्या हातीही लागला. ते लपवण्यात अर्थ नाही. विकले जाणारे मात्र सहसा ते नव्हते. मुसलमानाने मुसलमानाला गुलाम करू नये असा शरियतचा दंडक, आणि ख्रिस्ती राजांनाही आपल्या धर्माची माणसे विकणे मान्य नव्हते. त्यामुळे दोघांच्याही मध्ये जे सापडले, पठाराच्या दक्षिणेकडचे आपापले देव मानणारे लोक, त्यांच्यावर दोन्हीकडून धाडी पडत.

त्यात १५२९ ते १५४३ या काळात मोठे युद्ध पेटले. अदल या मुसलमान सल्तनतीचा इमाम अहमद पठारावर चालून गेला. त्याच्या फौजेत सोमाली होते तसे अफारही होते. ख्रिस्ती राज्य बुडायच्या बेताला आले तेव्हा मदत गेली ती गोव्याच्या पोर्तुगीज आरमाराकडून. १५४१ मध्ये वास्को द गामाचा मुलगा क्रिस्तोव्हाँव चारशे बंदूकवाले घेऊन उतरला, पुढच्या वर्षी पकडून मारला गेला, आणि १५४३ मध्ये इमामही लढाईत पडला. दोन्ही राज्ये खिळखिळी झाली, दक्षिणेकडून ओरोमो टोळ्या वर सरकल्या आणि गुलामांच्या बाजारात माणसांची रास पडली. १५७७ मध्ये अदलने आपली गादीच हरार शहरातून उचलून अवाशच्या खालच्या अंगाला, अफारांच्या औसा या ठिकाणी नेली. वाळवंटाचा आडोसा हाच काय तो तट उरला होता.

या धामधुमीत, १५४८ च्या सुमारास, दक्षिण इथिओपियातल्या कंबाता भागात एक मुलगा जन्मला. त्याचे नाव चापू. तो कोणाच्या हाती लागून विकला गेला आणि तांबड्या समुद्रापलीकडे येमेनच्या मोखा बंदरात पोहोचला. तिथे तो विकला गेला होता, अशी नोंद पुढे पीटर फान डेन ब्रूक या डच व्यापाऱ्याने केली आहे. हात बदलत तो बगदादला मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे आला. मीर कासिमने त्याला शिकवले, मुसलमान केले आणि अंबर हे नाव दिले. १५७० नंतरच्या दोन-चार वर्षांत हाच अंबर निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याला विकला गेला. हा चंगीझखान स्वतः एके काळचा हबशी गुलाम, आणि त्याच्या पदरी हजारभर हबशी होते.

दख्खनेला एवढे हबशी का हवे होते? इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी याचा हिशेब चांगला मांडला आहे. इथिओपियाच्या दरबारी मंडळींना हिंदुस्थानी सुती कापड हवे होते. त्याच्या बदल्यात द्यायला त्यांच्याकडे सोने, हस्तिदंत आणि माणसे होती. चौल आणि दाभोळला गलबते लागत ती घोडे आणि हबशी उतरवून कापड भरून परत जात. इकडे दरबारात दख्खनी आणि इराण-तुराणातून आलेले परदेशी यांच्यात हाडवैर. मोठे घराणे असलेला सरदार आज एका बाजूला तर उद्या दुसऱ्या. अशा ठिकाणी ज्याला इथे ना भाऊ ना मेहुणा, असा माणूस मालकाला भरवशाचा वाटे. पण ही गुलामी ऊसमळ्यातल्या गुलामीसारखी नव्हती. मालक मेला की गुलाम बहुधा मोकळा होई, घोडा आणि तलवार घेऊन नवा धनी शोधी, आणि त्याची मुले दख्खनीच होत. यात दयेचा भाग नाही. लष्कराला लागणारी माणसे एका पिढीत खपून जात आणि पुन्हा नवी आणावी लागत.

१५७४-७५ च्या सुमारास चंगीझखानाला विष देऊन मारले गेले आणि अंबर मोकळा झाला. पुढची वीस वर्षे त्याने शिलेदारी केली. काही काळ विजापूरकरांकडे चाकरी केली, तिथे मलिक हा किताब मिळवला. १६०० च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. निजामशाही संपली असे सगळ्यांनी धरले होते. अंबरने परांड्याला घराण्यातला एक मुलगा शोधून दुसरा मुर्तजा म्हणून गादीवर बसवला, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार हाती घेतला. गादी परांड्याहून जुन्नरला, जुन्नरहून दौलताबादकडे हलत राहिली. मोगल यायचे, मुक्काम उठायचा, मोगल जायचे, मुक्काम पुन्हा बसायचा.

१६१० मध्ये त्याने खडकी गाव राजधानीसाठी निवडले. पुढे मराठा सरदारांच्या नावाने पुरे बसले: मालोजीचा मालपुरा, खेळोजीचा खेळपुरा, परसोजीचा परसपुरा, विठोजीचा विठापुरा. १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. त्याच साली गुजरातेतून अब्दुल्लाखान मोठी फौज घेऊन घाट चढून दौलताबादेपर्यंत आला होता आणि अंबरच्या बारगिरांनी त्याला रात्रंदिवस इतके सतावले की तो आल्या वाटेने परत फिरला.

आमचे फुलंब्री या सगळ्यात कुठे? रस्त्यावर. मोगलांचा दख्खनेतला तळ बुऱ्हाणपूरला. तिथून निघून अजिंठ्याचा घाट चढले की सिल्लोड, फुलंब्री, चौका आणि मग खडकी. आज बस जाते तीच वाट. एवढ्या मोठ्या लष्कराला दाणागोटा लागे तो वंजारी-लमाणांच्या बैलांवर मागून येई. अंबरने समोरून भिडण्याऐवजी त्या बैलांवर हात घातला. १६१० मध्ये खानखानान अब्दुर्रहीम याची स्वारी उपासमारीनेच मोडली आणि अहमदनगर अंबरकडे परत आले. या डावपेचांचे श्रेय एकट्या अंबरला देऊ नये. मुलूख माहीत असलेले, हलके सामान घेऊन दिवसाला वीस कोस तोडणारे मराठे स्वार नसते तर त्याचा डाव कागदावरच राहिला असता. त्याचे चातुर्य हे की त्याने ते ओळखले आणि त्यांना हजारोंनी चाकरीत घेतले.

ती वाट दोन्हीकडून चालते हेही त्याला कळून चुकले. १६१६ च्या सुरुवातीला खानखानानाचा मुलगा शाहनवाजखान बालापूरहून निघाला. जाधवराव आणि काही हबशी सरदार अंबरला सोडून मोगलांना मिळाले होते. जालन्याकडच्या रोषणगावाजवळ अंबरचा मोड झाला आणि मोगलांनी खडकीत शिरून सहा वर्षांपूर्वी वसलेली राजधानी जाळली. जहांगीरला एवढ्याने समाधान नव्हते. त्याच सुमारास त्याने अबुल हसन या चितारीकडून एक चित्र काढवून घेतले: बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतो आहे. हे चित्र सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. प्रत्यक्षात ते मुंडके जहांगीरच्या हाती कधीच लागले नाही. आपल्या रोजनिशीत तो अंबरचे नाव बहुधा रंगावरून शिवी देऊनच घेतो. बादशहाच्या कर्तबगारीचा तो पुरावा म्हणता येणार नाही.

फान डेन ब्रूक अंबरला १६१७ मध्ये भेटला. उंच, बळकट बांध्याचा, करड्या चेहऱ्याचा म्हातारा, असे त्याचे वर्णन. सत्तरीच्या घरातला हा म्हातारा त्याच वेळी जळालेली खडकी पुन्हा बांधून तिला पाणी आणायच्या उद्योगात होता. नहर-ए-अंबरी उत्तरेकडून येते, हर्सूलच्या बाजूने, म्हणजे फुलंब्रीचा रस्ता शहरात शिरतो त्याच अंगाने. जमिनीखालून बोगद्यासारखी चर, त्यात झिरपून गोळा झालेले पाणी, ठरावीक अंतरावर उतरायला विहिरीसारखी तोंडे, पुढे खापरी नळ आणि हवेचा दाब सांभाळायला बांधलेले उंच बंब. ना मोट, ना रहाट, सगळे उतारावर.

वाळवंटातून आलेल्या माणसालाच पाण्याची किंमत कळली, असे वाक्य या नहरीबद्दल सांगितले जाते. ऐकायला गोड, पण खोटे. कंबाता हा हिरवागार, पावसाचा, दाट शेतीचा प्रदेश आहे. भुयारी नहर ही इराणी विद्या; ती बीदरला त्याच्या आधी आलेली होती आणि अहमदनगरला निजामशहांनी कापूरवाडीसारख्या ठिकाणांहून खापरी नळांनी पाणी आणलेले अंबरने तरुणपणी पाहिलेले होते. वाळवंटातल्या अफारांनी तर कधी नहर खणलीच नाही. पाणी घराकडे आणण्याऐवजी ते घर उचलून पाण्याकडे जातात. माणूस जिथे जन्मला तिथलीच खूण त्याच्या प्रत्येक कामात शोधायची ही आपली खोड. अंबर शिकला तो बगदादेत आणि दख्खनेत.

जमीनधाऱ्यातही तसेच. महसूल मक्त्याने देऊन मोकळे व्हायची पद्धत त्याने बंद केली, जमिनीची पाहणी करून प्रतवारी लावली, पिकाच्या अंदाजाने सारा ठरवला आणि मिरासदारांचे वतनी हक्क जागच्या जागी ठेवले. वसुली पाटील-कुलकर्ण्यांच्या मार्फत, देशमुख-देशपांड्यांच्या देखरेखीखाली. मोगल घोडदळ दर दोन वर्षांनी ज्या मुलुखातून जाते तिथे कुणबी शेत सोडून पळाला नाही, याचे मोठे कारण हा धारा होता. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा त्याने एकाच वेळी बुडवल्या. तलावाचे पाणी सोडून त्यांच्या तळावर चिखल केला, असे सांगतात. शहाजीराजे त्या लढाईत त्याच्या बाजूने होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले.

आता पुन्हा समुद्रापलीकडे. भातवडीनंतरच्या वर्षी, १६२५ च्या मे महिन्यात, दीवहून निघालेल्या गलबतांतून जेरोनिमो लोबो हा जेझुइट पाद्री आणि त्याचा वरिष्ठ अफोन्सो मेंदेस बैलूलच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांना इथिओपियाच्या राजाकडे जायचे होते आणि नेहमीची वाट तुर्कांच्या ताब्यात होती, म्हणून ते अफारांच्या वाळवंटातून निघाले. दिवसा ऊन सोसवेना, रात्री चालायचे. पाणी विकत. वाटेत अफार राजाची भेट. राजवाडा म्हणजे काटेरी झाडीत पाच तंबू आणि वीसेक झोपड्या. दरबाराची झोपडी जरा मोठी. जमिनीवर गवत अंथरलेले, एका टोकाला दगडमातीचा ओटा, त्यावर गालिचा आणि मखमलीच्या दोन उशा, दुसऱ्या टोकाला राजाचा घोडा बांधलेला आणि खोगीर शेजारी टांगलेले. पाद्र्यांनी आणलेला नजराणा राजाला हलका वाटला आणि त्याने तसे तोंडावर सांगितले. लोबोला हे सगळे हास्यास्पद वाटले. मला त्यात उलट चोख हिशेब दिसतो. पाणी, वाटाड्या आणि जीव, तिन्ही ज्याच्या हातात आहेत त्याने नजराणा का म्हणून कमी घ्यावा? पुढे मिठाच्या सपाटीतून आणि कड्यावरून हे लोक पठारावर पोहोचले. म्हणजे मिठाच्या विटा ज्या वाटेने चढतात त्याच वाटेने.

त्यानंतरच्या मे महिन्यात, १६२६ मध्ये, मलिक अंबर वारला. वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. खुलताबादला जरजरी जरबक्ष यांच्या दर्ग्याजवळ त्याची कबर आहे. त्याची बायको बीबी करीमा तिथेच बाजूला. मुलगा फतेहखान याने खडकीला आपल्या नावावरून फतेहनगर म्हटले, १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांना दिला आणि पुढे निजामशाही बुडाली. १६५३ मध्ये शहाजादा औरंगजेबाने शहराला आपले नाव दिले. फतेहखानात बापाची रग नव्हती, असे माझे मत आहे.

अफारांची औसाची गादी मात्र टिकली. त्यांच्या मुलुखाची मोडतोड झाली ती आपल्या हयातीत. १९६० नंतर अवाशच्या काठी तेंदाहो येथे एका ब्रिटिश कंपनीचे कापसाचे मोठे मळे उभे राहिले आणि कळपांचे उन्हाळी गवत कालव्याखाली गेले. औसाच्या सुलतानानेही कापूस लावला, पैसा केला. १९७२ पासून पावसाने दगा दिला तेव्हा जनावरांना नदीकाठी जायला जागा राहिली नव्हती. हेच ते साल. फुलंब्रीतल्या सत्तरीपलीकडच्या कोणालाही विचारा: बाहत्तरच्या दुष्काळात बांधावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोची लाल भाकरी गिळली. पण इथे रोजगार हमीची कामे निघाली, पाझर तलाव झाले, माणूस जगला. तिकडे इथिओपियाच्या बादशहाच्या सरकारने दुष्काळ लपवला. अफारांचे कळप मेले, मागोमाग माणसे मेली, आणि १९७४ मध्ये बादशहाची गादीही गेली. अंबरच्या काळात कापूस इकडून तिकडे कापड होऊन जायचा आणि बदल्यात माणसे यायची. या वेळी कापूस त्यांच्याच जमिनीवर आला आणि माणसे बेघर झाली.

मिठाचे काम अजून चालते. रस्ते झाले, ट्रक आले, अफदेरा सरोवराकाठी आगरे निघाली. तरी थंडीत उंटांचे तांडे दिसतात आणि वाकस चालतो.

फुलंब्री तालुक्यातल्या शाळांच्या सहली दरवर्षी वेरूळला जातात. बस खुलताबादवरूनच जाते. मास्तरांनी अंबरच्या कबरीपाशी दहा मिनिटे गाडी थांबवावी, आणि पोरांना 'हा हबशी' एवढ्यावर न सोडता कंबाता, मोखा, बगदाद, अहमदनगर आणि मिठाचे वाळवंट ही पाच ठिकाणे नकाशावर बोट ठेवून दाखवावीत. नकाशा प्रत्येक शाळेत आहे.